सोनावणे मॅडम आणि माझी डावी बाजू

सोनावणे मॅडमनी पहिल्याच दिवशी मला एक प्रश्न विचारला आणि एकतीस वर्षं वर्गात इतरांना प्रश्न विचारत आलेल्या मला त्याचं उत्तर आलं नाही.

“सर, तुम्हाला काय करायचंय?”

“पूर्वीसारखं व्हायचंय,” मी म्हणालो. वाक्य छोटं होतं, पण आवाजात मी जरा कंप आणला होता. सूत्रसंचालकाची सवय.

“ते सगळ्यांनाच व्हायचं असतं. करायचं काय आहे? आजारी पडायच्या आधी सकाळी उठलात की स्वतःच्या हातानं पहिलं काय करायचात?”

उठलो की चहा समोर यायचा. आंघोळीचं पाणी काढलेलं असायचं. इस्त्रीचा शर्ट पलंगावर, त्याच्या शेजारी रुमाल, रुमालावर चष्मा.

“पेपर वाचायचो,” मी म्हणालो.

“दारातून कोण आणून द्यायचं?”

मी बायकोकडे पाहिलं. नीलिमा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

“म्हणजे सर, तुम्हाला थेरपीची गरज ॲटॅकच्या आधीपासूनच होती,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी मला कधीच दाखवलं नाही.

हा ॲटॅक म्हणजे पक्षाघाताचा झटका. तो मला व्यासपीठावर आला. डोंबिवलीतल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ठाणे ते कल्याण या पट्ट्यातला मागणी असलेला सूत्रसंचालक झालो होतो. निदान माझी तशी समजूत होती. त्या दिवशी एका ज्येष्ठ नागरिक संघाचा सत्कार समारंभ होता. शाल उजव्या हातात, नारळ डाव्या हातात, आणि तोंडात पाहुण्यांच्या कार्याचा गौरव. नारळ सुटला आणि पाहुण्यांच्या पायावर पडला. लोकांना वाटलं, सरांना भावना अनावर झाल्या. मीही तसंच समजून पुढची चार वाक्यं बोललो. मग डावा पाय गेला आणि मी शालीसकट पाहुण्यांच्या मांडीवर बसलो.

हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा डावा हात खांद्यापासून लोंबत होता आणि चालायला काठी लागत होती. जीभ मात्र जशीच्या तशी होती. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. घरच्यांनी ते मान हलवून ऐकून घेतलं, एवढंच.

डॉक्टरांनीच आम्हाला ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला हे क्लिनिक होतं. मी त्या इमारतीवरून वीस वर्षं येत-जात होतो आणि तिच्यावरची ‘ऑक्युपेशनल थेरपी’ ही पाटी बघून मला वाटायचं, ही नोकरी मिळवून देणारी संस्था असावी.

“फिजिओवाले हात हलवायला शिकवतात,” मॅडमनी समजावलं. “माझ्याकडे तो हात कामाला लावतात. बटण, चमचा, नळ, कडी. हाताला काय लागतंय ते कळणं, डोळ्यांना काय दिसतंय ते कळणं, डोक्यात कामाची रांग लागणं, हे सगळं त्यात आलं.”

“डाव्या हाताला तसंही फारसं काम नव्हतं,” मी म्हणालो. मला तेव्हा खरोखर तसं वाटत होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग शर्ट काढा आणि परत घाला.”

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. शर्टाच्या एका बाहीत माझं डोकं गेलं. बटणांचा हिशेब वरून एकनं चुकला, तो खालून दोननं चुकला. नीलिमा दोनदा उठली आणि दोन्ही वेळा मॅडमनी तिला नजरेनं खाली बसवलं. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा त्या म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तुमचे हात फार चांगले आहेत, म्हणून सांगते.”

आणि त्या स्वतः काय करत होत्या? दोन्ही हात पाठीमागे नेऊन, बोटांत बोटं घट्ट अडकवून माझ्यासमोर उभ्या होत्या. ही त्यांची नेहमीची उभं राहायची पद्धत. पेशंट झगडत असला की त्यांचे हात पाठीमागे. मला आधी वाटलं, कडकपणा आहे, आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा. नंतर एकदा आरशात मला त्यांची पाठ दिसली. त्या बोटांची नखं पांढरी पडलेली होती. मदत न करायला त्यांना एवढा जोर लावावा लागत होता.

मॅडम पन्नाशीच्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांची घट्ट वेणी. सुती पंजाबी ड्रेसला शिंप्याकडून मुद्दाम दोन खिसे शिवून घेतलेले. उजव्या खिशात भाजके शेंगदाणे आणि डाव्यात मोजपट्टी, पेन, कपड्यांचे चिमटे, रबरबँड. दोन पेशंटच्या मध्ये त्या उभ्या उभ्या पाच शेंगदाणे खायच्या, मोजून पाच. राहायला कल्याणजवळ मोहन्याला. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. क्लिनिकमध्ये भिंतीला एक मोठी फळी होती, तिच्यावर कडी, कोयंडा, तीन तऱ्हांच्या खिट्ट्या, दोन नळ, विजेचं बटण, कुलूप आणि सायकलची घंटा असं सगळं ठोकलेलं होतं. ती फळी वडिलांनी त्यांना पास झाल्यावर बक्षीस म्हणून करून दिली होती. “दुसऱ्या मुलींना सोन्याची चेन मिळाली,” त्या सांगायच्या, “मला कडीकोयंडा.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर जोरात हसायच्या.

घाई हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. “घाई कोणाला आहे? मला तर नाही,” असं म्हणून त्या स्टूल ओढून बसायच्या. कोणी छान जमवलं तर टाळ्याबिळ्या नाहीत. फक्त “हां. परत.”

आता माझ्या डाव्या बाजूबद्दल सांगायला हवं.

हॉस्पिटलमधून आल्यापासून माझी एक तक्रार होती. नीलिमा ताटात कोशिंबीर वाढत नव्हती. चटणी नाही, लिंबू नाही, लोणचं नाही. आजाऱ्याचं पथ्य म्हणून मी आठवडाभर गप्प राहिलो. मग टोमणे सुरू केले. “पूर्वी या घरात डावीकडचे पदार्थ असायचे,” असं एकदा म्हणालो, तर ती पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला वाटलं, चूक उमगली.

दुसरी तक्रार वर्तमानपत्राची. मराठीची इतकी वाईट अवस्था मी कधी पाहिली नव्हती. वाक्याला सुरुवात नाही, कर्त्याचा क्रियापदाशी संबंध नाही. मी रोज लाल पेनानं खुणा करू लागलो. शेवटी संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं. मी पलंगावरून सांगितलं, नीलिमानं लिहून घेतलं. दीड पान झालं. ‘आपल्या अंकातील भाषा वाचून एका जुन्या शिक्षकाच्या काळजाला घरे पडली’ असं त्यातलं एक वाक्य होतं. ते पत्र तिनं पोस्टात टाकलं नाही, हे मला फार नंतर कळलं.

तो पेपर मी एक दिवस क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. मॅडमनाही मराठीची चाड असावी असा माझा अंदाज.

“बघा,” मी म्हणालो. “हे बघा काय छापतात.”

त्यांनी माझ्या लाल खुणा नीट पाहिल्या. एक खूण पाहिली, दुसरी पाहिली आणि चेहरा अजिबात न हलवता म्हणाल्या, “वाचून दाखवा ना, सर.”

मी खणखणीत आवाजात वाचलं, “शाळेतील मुलांनी आकाशकंदिलांचे शनिवारी सकाळी पालकांनी आवर्जून राहावे.” मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “याला मराठी म्हणतात?”

मॅडमनी डाव्या खिशातून लाल चिकटपट्टी काढली. तिचा लांब तुकडा त्या मजकुराच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवला.

“आता मान डावीकडे वळवा. अजून. लाल दिसेपर्यंत वळवायची. लाल दिसलं की तिथून वाचायला लागा.”

“कुठे आहे लाल?”

“आहे. अजून वळवा.”

मी मान वळवत गेलो. वळवत वळवत गेलो. आणि कुठूनतरी ती लाल रेघ आली. तिच्या अलीकडे शब्द होते.

“महापालिकेच्या शाळेतील मुलांनी,” मी वाचलं, “तयार केलेल्या आकाशकंदिलांचे प्रदर्शन शनिवारी सकाळी भरणार असून पालकांनी आवर्जून उपस्थित राहावे.”

वाक्य शुद्ध होतं. विरामचिन्हांसकट शुद्ध.

मॅडम समजावून सांगतील असं मला वाटलं, पण त्या नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या. मी खालचं वाक्य वाचलं, मग त्याच्या खालचं. माझ्या एकूण एक लाल खुणा चुकीच्या होत्या. मग माझ्या डोक्यात काहीतरी आलं आणि मी काठी टेकत दारापर्यंत गेलो. नीलिमा बाहेर बाकावर बसली होती.

“अगं,” मी विचारलं, “कोशिंबीर असायची का?”

तिनं वर पाहिलं. “रोज असायची हो,” ती म्हणाली.

मी परत आत येऊन बसलो. मॅडमनी खिशातून शेंगदाणे काढले, पाच स्वतःला घेतले आणि पाच माझ्यासमोर ठेवले. डाव्या बाजूला ठेवले होते. ते सापडायला मला वेळ लागला, पण सापडले.

मेंदूनं माझी डावी बाजूच हजेरीपटावरून काढून टाकली होती, असं त्यांनी मग सांगितलं. डोळे चांगले होते, बाजू गैरहजर होती. त्यानंतर आमच्या घरात जिकडे तिकडे लाल पट्ट्या लागल्या. ताटाला, आरशाला, दाराच्या चौकटीला. महिनाभर मी अर्धी दाढी करून नौपाड्यात हिंडलो होतो आणि एकाही ओळखीच्या माणसानं मला ते सांगितलं नव्हतं. माझ्या अर्ध्या भाषणांचंही लोकांनी असंच केलं असेल का, अशी मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली.

यानंतर मी शहाणा झालो असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही.

डाव्या हाताची संवेदना गेली होती. त्यासाठी राजम्यानं भरलेला एक डबा होता. त्यात किल्ली, झाकण, गोटी, खोडरबर अशा वस्तू लपवलेल्या. डोळे मिटून हात घालायचा आणि काय लागतंय ते सांगायचं. मला काहीही लागत नव्हतं. पण विद्यार्थ्यासारखं नापास होणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी पापण्या किलकिल्या ठेवून बघायचो. चार दिवस मी धडाधड बरोबर उत्तरं दिली. पाचव्या दिवशी त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला.

मी हात घातला. आठवण, अंदाज आणि आत्मविश्वास यांच्या जोरावर म्हणालो, “किल्ली.”

“नीट बघा.”

“किल्लीच. पितळेची.”

त्यांनी टॉवेल काढला. डब्यात नुसता राजमा होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “शाळेत कॉपी पकडलीत की काय करायचात?”

“पालकांना बोलवायचो.”

“वहिनी!” त्यांनी बाहेर हाक मारली.

माझ्याच वेळेला ओवी नावाची सहा वर्षांची मुलगी यायची. तिचं माझ्या उलट होतं. तिच्या हातांना सगळं फार जास्त लागायचं. माती, कणीक, डिंक यांना ती बोट लावत नसे. गणवेशाच्या मानेवरचा लेबलाचा कपटा टोचतो म्हणून वर्गात रडायची, नखं कापताना घर डोक्यावर घ्यायची. तिला बघून मी एकदा मॅडमना म्हणालो, “लाड झालेत, दुसरं काही नाही. आमच्या वर्गात असती तर आठवड्यात सरळ झाली असती.”

मॅडम आत गेल्या आणि काथ्याचा एक तुकडा घेऊन आल्या. नारळाच्या शेंडीचा, खरखरीत. तो त्यांनी माझ्या कॉलरमध्ये, उजव्या बाजूला, जिथे मला सगळं कळत होतं तिथे खोचला.

“तासभर ठेवायचा. हात लावायचा नाही. आणि मला विभक्ती प्रत्यय समजावून सांगा, मला शाळेत कधी कळले नाहीत.”

मी प्रथमेपासून सुरुवात केली. द्वितीयेला मान आखडली. तृतीयेला मी खुर्चीत सरकू लागलो. चतुर्थीचा प्रत्यय मला आठवेना. एकतीस वर्षं शिकवलेला प्रत्यय, द्वितीयेचाच असतो तो! माझं सगळं लक्ष त्या इंचभर काथ्यावर होतं. घड्याळात आठ मिनिटं झाली होती. मी तो उपटून टेबलावर आपटला.

“तिच्या अंगावर हे दिवसभर असतं,” मॅडम म्हणाल्या. “आणि तिला वर पाढेही म्हणायचे असतात.”

मी ओवीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझी फजिती तिला आवडलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला एका परातीपुढे बसवलं आणि सांगितलं, कणीक मळा. माझा डावा हात पिठात पडला आणि तसाच पडून राहिला. ओवी हात मागे घेऊन बसली होती.

“आजोबा, तुम्हाला चिकट नाही लागत?”

“नाही. मला या हाताला काहीच लागत नाही.”

“काहीच?”

“काहीच.”

“मज्जा आहे तुमची,” ती अगदी मनापासून म्हणाली.

माझ्या आजाराचा इतका हेवा कोणी केला नव्हता. तिनं मग माझं मनगट, जिथे पीठ नव्हतं तिथे, दोन बोटांत धरलं आणि माझा हात कणकेवर दाबला. उचलला, दाबला. पोळपाटावर लाटणं चालवावं तशी ती माझा हात चालवत होती. मॅडमचे हात पाठीमागे. किती वेळ गेला कोण जाणे. तिची करंगळी घसरून कणकेला लागली. ती दचकली, करंगळी फ्रॉकला पुसली, आणि परत आली. त्या दिवशी तेवढंच झालं. “हां,” मॅडम म्हणाल्या. “उद्या परत.”

माझी संवेदना इतक्या सुंदर रीतीनं परत आली नाही. दीड महिन्यानं एका सकाळी डावा हात चहाच्या पातेल्याला लागला आणि मी बोंबललो. नीलिमा धावत आली, लाल झालेली बोटं पाहिली आणि आनंदानं रडायलाच लागली. मग तिनं बर्नॉल शोधायच्या आधी मॅडमना फोन लावला.

मॅडम स्वतःबद्दल फार बोलत नसत. त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार होता, एवढं ऐकून माहीत होतं. एकदा आईला सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून त्या आईला मोहन्याहून क्लिनिकला घेऊन आल्या. पांढरं पातळ नेसलेली, कपाळ मोकळं, बारीक चणीची म्हातारी. मॅडमनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि मांडीवर निवडायला तांदळाचं सूप दिलं. म्हातारी तांदूळ निवडू लागली. काय हात चालत होते! तिला मुलीचं नाव आठवत नव्हतं, मला ती ‘गुरुजी’ म्हणाली, कोणत्या गावचे गुरुजी ते तिचं तिलाच ठाऊक. पण खडा दिसला की तिची बोटं चुकत नव्हती. वेचलेले खडे ती शेजारच्या वाटीत टाकत होती.

अर्ध्या तासानं सूप साफ झालं. मॅडम आल्या, म्हणाल्या, “वा, आये, किती छान निवडलेस गं.” सूप घेऊन त्या आत गेल्या. पडद्याच्या फटीतून मला दिसलं. त्यांनी वाटीतले सगळे खडे परत तांदळात टाकले, हातानं मिसळले आणि सूप बाहेर आणून आईच्या मांडीवर ठेवलं. म्हातारी पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.

माझ्यातला शिक्षक गप्प बसला असता तर मी तो शिक्षक कसला? आई झोपल्यावर मी मॅडमना म्हणालो, “हे फसवणं नाही का? माझी कॉपी पकडता आणि इथे आईला तेच तेच...”

त्या चिडल्या नाहीत. खिशात हात घालून शेंगदाणे चाचपले, पण काढले नाहीत.

“तांदूळ संपले की ती विचारते, आता काय करू?” त्या म्हणाल्या. “दिवसभर विचारते, सर. घरभर माझ्या मागे मागे फिरते. जन्मभर काम केलेली बाई आहे. माझ्याकडे सगळ्यांसाठी उत्तर आहे, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग वाटलं, आयुष्यात एकदा तरी समारोपाचे दोन शब्द न बोलता बसावं. बसलो.

सहाव्या महिन्यात मी बराच सुधारलो होतो. बटणं लावत होतो, चहा करत होतो, पेपर डावीकडून वाचत होतो. आणि मला भीती वाटू लागली, कारण मॅडम फाइल बंद करायच्या गोष्टी बोलू लागल्या होत्या. घरी जाऊन मी काय करणार होतो? सत्काराला आता मला कोणी बोलावत नव्हतं. सकाळी दहा ते अकरा एवढाच माझ्या दिवसातला तास होता, ज्यात माझ्याकडून कोणीतरी काहीतरी अपेक्षा करत होतं.

म्हणून मी नापास व्हायचं ठरवलं. लाकडी खुंट्या भोकांत बसवायच्या असायच्या. मी डाव्या हातानं खुंटी उचलायची, अर्ध्या वाटेवर आणायची आणि पाडायची. एक पाडली. दोन नीट बसवल्या. मग पुन्हा एक पाडली. जरा उसासाही टाकला. तीन दिवस असं चाललं.

चौथ्या दिवशी मॅडमनी खाली वाकून पडलेल्या खुंट्या गोळा केल्या.

“सर, खरी सुटलेली वस्तू कुठेही पडते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सगळ्या माझ्या चपलेपाशी पडल्यात. एकीच्या शेजारी एक. एवढ्या नेमानं पाडायला बोटांवर केवढा ताबा लागतो, माहितीये?”

माझे कान गरम झाले. दोन्ही.

“उद्यापासून येऊ नका.”

“पण मॅडम, मी घरी करू काय?”

बोलून गेल्यावर माझा मलाच तो प्रश्न ऐकू आला. त्यांनाही आला. मग त्यांनी फाइल उघडली, एक कोरा कागद काढला, समासाची लाल रेघ ओढली आणि लिहून दिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार. ओवीला आणि तिच्यासारख्या आणखी दोघींना गोष्ट वाचून दाखवायची. “पेशंट म्हणून येऊ नका म्हटलं मी,” त्या म्हणाल्या. “आणि गोष्ट छोटी सांगा. त्या मुली उठून जातात, सत्काराच्या लोकांसारख्या बसून राहत नाहीत.”

त्या खरोखर उठून गेल्या. पहिल्या दिवशी तिघीही. तिसऱ्या आठवड्यात एक बसली. ती ओवी नव्हती. पण मला प्रस्तावना गाळून गोष्ट सुरू करायला शिकवलं ते त्या तिघींनी.

वर्षभरानं ती इमारत पाडायला निघाली. क्लिनिकला दुसरी जागा मिळेपर्यंत मॅडम कल्याणला कुणाच्या तरी दवाखान्यात जाऊ लागल्या. मग एक दिवस त्यांच्या आई गेल्याचं कळलं. मी फोन केला, चार वाक्यं तयार ठेवली होती, त्यातलं एकही बोललो नाही. “आये गेली, सर,” त्या म्हणाल्या. “हो,” मी म्हणालो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी नीलिमाच्या मावसबहिणीकडे टिटवाळ्याला गेलो होतो. परतताना नीलिमानंच सांगितलं, “मोहन्यावरून जाऊ या. मॅडमना भेटू.” रिक्षावाल्याला वाट ठाऊक होती. घर सापडलं, पण दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “त्या मैदानात असतील. रविवारच्या तिकडंच असतात.”

कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून एक उजाड मैदान होतं. दुपार कलली होती. मैदानात एक स्कूटर चालली होती. चालली होती असं म्हणणं फार झालं. ती चार हात पुढे जायची, भिंतीकडे वळायची, थांबायची. शेजारची एक कॉलेजातली मुलगी मागचं कॅरिअर धरून धापा टाकत धावत होती. स्कूटरवर सोनावणे मॅडम होत्या. डोक्यावर हेल्मेट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, दोन्ही पाय दोन बाजूंना जमिनीवरून फरफटत.

“काकी, पाय वर घ्या!” ती मुलगी ओरडत होती.

“पडेन गं!”

“नाही पडत. वर घ्या!”

“तू सोडलंस का? सोडू नकोस हां!”

“धरलंय, धरलंय!”

तिनं कधीच सोडलं होतं. ती कंबरेवर हात ठेवून मागे उभी होती. नीलिमा रिक्षातून उतरायला निघाली, मी तिचा हात धरला. हाक मारली असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं.

स्कूटर डगमगली, डावीकडे कलली, सावरली. मग मॅडमनी एक पाय उचलून वर ठेवला. थोड्या वेळानं दुसरा. आणि त्या भिंतीच्या कडेकडेनं, मान ताठ ठेवून, आपल्यामागे कोणी धावत नाहीये हे माहीत नसताना, मैदानाच्या त्या टोकाकडे निघून गेल्या.